आरेत झाडं होती, मग जंगल का नव्हतं?

गोरेगावला हायवे सोडून आरे रोडला लागलं की रिक्षातसुद्धा गारवा जाणवतो. पहाटे चालायला येणारे, सायकलवाले, गळ्यात दुर्बिणी अडकवून पक्षी बघणारे, छोटा काश्मीरला आलेली शाळेची पोरं, सगळ्यांनाच ही झाडी आपली वाटते. आतल्या पाड्यांवरच्या वारली कुटुंबांना तसं वाटण्याचाही प्रश्न नाही. त्यांचा वाघोबा तिथेच आहे, आणि बिबट्या रात्री अंगणातून जातो हे त्यांना वर्तमानपत्रातून कळत नाही.

आणि तरीही केवळ हिरवंगार आहे म्हणून आरेला जंगल म्हणता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर २०१९ ला, आरेत होऊ घातलेल्या मेट्रो-३ च्या कारशेडविरुद्धच्या (कारशेड म्हणजे गाड्या उभ्या करायची आणि दुरुस्त करायची जागा) याचिका फेटाळल्या गेल्या. त्याच संध्याकाळी यंत्रकरवती सुरू झाल्या. जमावबंदी लागू झाली, आंदोलकांपैकी २९ जणांना अटक झाली. सोमवारी, ७ तारखेला, कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. हवी तेवढी झाडं तोडून झाली आहेत, असं सरकारने न्यायालयात सांगितलं.

तेव्हापासून लोक विचारतात: बिबट्या आहे, नदी आहे, आदिवासी पाडे आहेत, लाखो झाडं आहेत, आणि जंगल नाही? मग जंगल म्हणजे तरी काय?

याचं उत्तर झाडांत सापडत नाही, महसूल खात्याच्या कपाटात सापडतं. कायद्याच्या लेखी जंगल ही आधी जमिनीच्या कागदावरची नोंद असते. आरेची नोंद आहे दूध वसाहत म्हणून. मुंबईतले म्हशींचे तबेले शहराबाहेर न्यायचे म्हणून १९४९ मध्ये ही वसाहत उभी राहिली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. जमीन साधारण १,३०० हेक्टर, ताबा दुग्धविकास खात्याचा. त्यातले तुकडे पुढे चित्रनगरीला, राज्य राखीव पोलीस दलाला, फोर्स वन या कमांडो दलाला गेले. उरलेल्यावर गवत वाढलं, काही झाडं लावली गेली, पुष्कळ आपोआप आली. शेजारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, मध्ये काही काळ साधी भिंतही नाही, त्यामुळे प्राण्यांनी दोन्ही एकच धरलं. कागदाने धरलं नाही.

याच्या बरोबर उलटी गोष्ट तिथून फार तर दहा किलोमीटरवर, डोंगराच्या पलीकडे घडली. मुलुंडमध्ये इमारती उभ्या होत्या, लोकांनी कर्ज काढून फ्लॅट घेतले होते, आणि एक दिवस कळलं की जमिनीच्या नोंदीवर ‘वन’ असा शेरा आहे. खासगी वनं सरकारजमा करणारा महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा. या जमिनी त्यात बसवायला आधार घेतला होता १९५० च्या दशकात काढलेल्या नोटिसांचा. या नोटिसा जमीनमालकांना धड बजावल्या गेल्या होत्या की नाही, यावर वाद चालला. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये सरकारच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये तो फिरवला. नुसती नोटीस काढून पुढे काही दशकं गप्प बसलं तर जमीन वन होत नाही, असा त्याचा मथितार्थ. तोवर हजारो कुटुंबांची घरं कागदोपत्री जंगलात होती. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसकट.

म्हणजे एकीकडे इमारती आणि कागदावर जंगल, दुसरीकडे झाडी आणि कागदावर दूध. दोन्ही ठिकाणी भांडण झाडांवरून पेटलं आणि निकाल नोंदीवर लागला. कुठलंही लोकप्रिय जंगल वाचवायला निघालेल्या माणसाने हे आधी समजून घ्यावं.

‘राखीव’ म्हणजे अभय नव्हे

कागदावर वन असलं की झाडं वाचली, असंही नसतं. भारतीय वन कायदा १९२७ चा, इंग्रजांच्या काळातला. त्यात राखीव वन आणि संरक्षित वन असे मुख्य प्रकार. नावावरून संरक्षित जास्त कडक वाटतं, प्रत्यक्षात उलट आहे: राखीव वनात परवानगी नसलेली प्रत्येक गोष्ट बंद, संरक्षित वनात मनाई नसलेली बहुतेक गोष्ट चालते. पण हे निर्बंध लोकांवर. खुद्द वनखातं राखीव वनात झाडं तोडतं आणि ते पूर्ण कायदेशीर असतं. दर काही वर्षांनी जंगलाची कार्य आयोजना बनते, जंगलाचे ‘कूप’ म्हणजे तोडीचे तुकडे पाडले जातात, कापायच्या झाडांवर हातोड्याचा शिक्का उठवला जातो, आणि लाकूड डेपोवर लिलावाला येतं. बल्लारशाच्या डेपोतलं सागवान व्यापाऱ्यांत नावाजलेलं. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये तिथूनच गेलं. राज्याचं वनविकास महामंडळ १९७४ पासून हेच करतं: मिश्र जंगलाच्या जागी सागाची रोपवणं. त्यावरून चंद्रपूर-भंडाऱ्याकडे गावं आणि महामंडळ यांचे जे खटके उडाले, त्यांना आरेइतकी प्रसिद्धी कधी मिळाली नाही. तिथे सेलिब्रिटी राहत नाहीत.

झाडांना खरं अभय मिळतं ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालच्या राष्ट्रीय उद्यानात. बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानाची साधारण १०४ चौरस किलोमीटर जमीन त्या कवचाखाली आहे. आरे त्याच्या कुंपणाबाहेर.

आता १९८० च्या वन संवर्धन कायद्याकडे येऊ. सगळ्या भांडणात हुकमाचा पत्ता हाच. वनजमीन वनाखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरायची तर केंद्र सरकारची आधी मंजुरी घ्या, एवढं त्याचं सार. राज्याने परस्पर वनजमीन वाटू नये म्हणून तो आला. पण कायद्यात ‘वन’ची व्याख्याच नव्हती, आणि राज्यं म्हणत राहिली की आम्ही वन म्हणून घोषित केलं तेवढंच वन.

इथे तामिळनाडूतलं एक प्रकरण कामी आलं. निलगिरीत गुडलूरकडे जंगलतोड चालली होती. केरळच्या निलंबूरचे टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ डिसेंबर १९९६ ला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि भारतातल्या जंगलांचा कायदाच पालटला. शब्दकोशात ‘वन’चा जो अर्थ आहे तोच कायद्यात धरावा, मालकी कुणाचीही असो, आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेली जमीनही वनच धरावी. ईशान्येकडच्या कित्येक आरागिरण्या एका फटक्यात बंद झाल्या. अशी जंगलं शोधण्यासाठी तज्ज्ञांच्या समित्या नेमा, असं राज्यांना सांगितलं गेलं. हे काम राज्यांनी किती मनापासून केलं, हा वेगळाच विषय.

आरे वाचवू बघणाऱ्यांचा युक्तिवाद याच आदेशावर उभा होता: शब्दकोश उघडा, हे जंगल आहे. समोरून उत्तर यायचं की ही वसाहत आहे, झाडं पुष्कळशी लावलेली आहेत, आणि वन म्हणून या जमिनीची नोंद दाखवा. लावलेल्या झाडांचा मुद्दा मला कधीच पटला नाही. सत्तर वर्षांत लावलेलं झाड आणि उगवलेलं झाड यांत बिबट्या फरक करत नाही. पण न्यायालयात बिबट्याची साक्ष चालत नाही, हेही खरं.

२०२३ मध्ये संसदेने हा कायदा बदलला. नवं नाव वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम. आता तो लागू होतो फक्त घोषित वनाला किंवा २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर सरकारी नोंदीत वन असलेल्या जमिनीला. शब्दकोशाचा दरवाजा त्यामुळे जवळपास बंद झाला असता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंतिम निकालापर्यंत राज्यांनी १९९६ चीच व्याख्या पाळावी. तेवढी फट उघडी आहे.

झाड पडण्याआधी काय काय पडलं

बहुतेकांना आरेचं प्रकरण कळलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. लोक रविवारी हातात हात घालून साखळी करून उभे राहिले, गाणी म्हटली, पोस्टर रंगवली. पण तोवर काय काय होऊन गेलं होतं ते बघा.

राष्ट्रीय उद्यानाभोवती ठरावीक पट्ट्यात उद्योग-बांधकामांवर बंधनं घालणारं ‘पर्यावरण संवेदनशील क्षेत्र’ २०१६ च्या डिसेंबरात जाहीर झालं. आरे त्यात आलं, पण १६५ हेक्टर वगळून. कारशेडची जमीन नेमकी त्या वगळलेल्या भागात. मग शहराच्या विकास आराखड्यात ही जमीन ना-विकास क्षेत्रातून बाहेर काढून कारशेडच्या वापरात टाकली गेली, २०१७ मध्ये. मग २०१८ चा ‘जंगल नाही’ हा निकाल. आणि या सगळ्यानंतर, सर्वांत शेवटी, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे झाडं तोडण्याचा प्रस्ताव.

नागरिकांच्या हरकती आल्या ८० हजारांहून जास्त. एवढा प्रतिसाद मुंबईत पाण्याच्या टंचाईलाही मिळत नसेल. २९ ऑगस्टला प्राधिकरणात मतदान झालं, ८ विरुद्ध ६ मतांनी प्रस्ताव मंजूर. २,६४६ झाडांपैकी २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे नेऊन लावायची.

वृक्ष प्राधिकरण ही काय चीज आहे ते इथे सांगायला हवं, कारण तुमच्या सोसायटीतला वाकलेला गुलमोहरही त्याच्याच अखत्यारीत येतो. नागरी क्षेत्रातल्या झाडांचं संरक्षण आणि जतन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा. (त्याच सालचा खासगी वनांचा कायदा वेगळा, दोघांची गल्लत करू नका.) या कायद्याला जंगल दिसत नाही, सुटी सुटी झाडं दिसतात. प्रत्येक झाडाला नंबर, जात, घेर. अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि झाडावर दिसेल अशा जागी नोटीस लावायची. तुम्ही पाहिली असेल: प्लास्टिकच्या पाकिटातला कागद, खिळ्याने ठोकलेला, पहिल्या पावसात शाई फुटलेली. परवानगी दिल्यावर पंधरा दिवस झाड तोडता येत नाही, म्हणजे ज्याला दाद मागायची त्याला वेळ मिळावा.

आरेत या पंधरा दिवसांवरूनच ४ ऑक्टोबरच्या रात्री वाद पेटला. आंदोलक म्हणत होते, निकाल आजचा, मग पंधरा दिवस थांबायला नको का? मेट्रो महामंडळाचं म्हणणं होतं की परवानगी १३ सप्टेंबरची आहे, मुदत २८ सप्टेंबरला संपली. मुदत निकालापासून मोजायची नसते, परवानगीपासून मोजायची असते, हे बहुतेक गर्दीला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. अंधारात करवती चालवणं बरं दिसतं का, हा प्रश्न कायद्याचा नाही, तरी तो विचारायलाच हवा होता आणि लोकांनी विचारला.

२०२१ मध्ये या कायद्यात पन्नास वर्षांवरच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हणण्याची आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावण्याची तरतूद आली. चाळीस वर्षांच्या झाडामागे चाळीस. ऐकायला उत्तम. पण चाळीस रोपांना जागा मुंबईत कुठे आहे, आणि तिसऱ्या वर्षी त्यांना पाणी कोण घालतो? पुनर्रोपणाचंही तसंच. मोठं झाड उचलताना मुळांचा बहुतांश पसारा कापावा लागतो. जगतं तेव्हा नवलच असतं. ‘इतकी झाडं स्थलांतरित करू’ हे वाक्य प्रस्तावात दिसलं की आकडा निम्म्याहून कमी करून वाचायची सवय लावून घ्यावी.

मेट्रोची बाजूही नीट मांडायला हवी. कुलाबा ते सीप्झ ३३.५ किलोमीटरची भुयारी लाइन ही मोटारी कमी करणारी गोष्ट आहे, आणि कारशेड लाइनच्या टोकाला लागतं ही तांत्रिक गरज आहे. कारशेडचे सुमारे ३३ हेक्टर म्हणजे आरेच्या अडीच टक्क्यांच्या आसपास. हा हिशोब खोटा नाही. मात्र तो दर वेळी नव्याने, उरलेल्या जमिनीवर मांडला जातो. चित्रनगरीही तेव्हा थोडीशीच जमीन होती.

सरकार बदललं, कागदही बदलले

नोव्हेंबर २०१९ मध्ये उद्धव ठाकरे सरकारने कारशेडचं काम थांबवलं. मग कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं. तिथे झाडांची अडचण फारशी नव्हती, पण ती मिठागराची जमीन आमची आहे असं केंद्र सरकार म्हणालं आणि डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने काम रोखलं. पुन्हा नोंदीचंच भांडण, या वेळी एकही झाड न पडता. जुलै २०२२ मध्ये शिंदे सरकारने कारशेड परत आरेत आणलं. सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी प्राधिकरणाकडे जायची मुभा दिली. प्रत्यक्षात परवानगी १७७ झाडांची मागितली गेली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने याबद्दल मेट्रो महामंडळाला १० लाखांचा दंड केला, आणि झाडं तोडायलाही परवानगी दिली. मेट्रोचा आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला.

या सगळ्या गदारोळात एक काम शांतपणे झालं, आणि माझ्या मते आंदोलनाची खरी कमाई तीच. सप्टेंबर २०२० मध्ये आरेतली ६०० एकर जमीन राखीव वन करण्याची घोषणा झाली, मग ती ८०० एकरांवर गेली, आणि २०२१ मध्ये सुमारे ३२९ हेक्टर वनखात्याच्या ताब्यात आली. म्हणजे आरेचा चौथा हिस्सा. कारशेड त्याच्या बाहेरच राहिलं. पण आता या चौथ्या हिश्शावर कुणाला प्रकल्प आणायचा तर केंद्राच्या मंजुरीची दारं ठोठावावी लागतील. दुग्धविकास खात्याचं एक पत्र पुरणार नाही.

राखीव वन एका सहीने होत नाही. वन कायद्याच्या कलम ४ खाली आधी सरकार इरादा जाहीर करतं. मग वन जमाबंदी अधिकारी नेमला जातो, लोकांचे दावे ऐकायला किमान तीन महिने दिले जातात, आणि कलम २० ची अधिसूचना निघाली की प्रक्रिया पूर्ण. या मधल्या पायरीवर पाड्यांतल्या लोकांचं काय होतं, याकडे शहरातल्या वृक्षप्रेमींनी लक्ष द्यायला हवं. आरेत सत्तावीसच्या आसपास पाडे आहेत. त्यांचे दावे नीट नोंदले गेले नाहीत, तर ज्यांनी जंगल राखलं तेच उद्या अतिक्रमणदार ठरतील.

हे दुसऱ्या टोकाने कसं करता येतं ते गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने दाखवलं. धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गेली. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी कागद गिरणीची बांबूतोड थांबवली, ग्रामसभेत एकमताने निर्णय घ्यायची पद्धत बसवली, अभ्यासगट चालवले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काची वाट मोकळी केली तेव्हा त्यांच्याकडे वर्षानुवर्षांची टिपणं तयार होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क त्यांना मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखातं देईना. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तिथे आज बांबू तोडला जातो, विकला जातो, त्यातून गावाला उत्पन्न येतं, आणि किती तोडायचा हे गाव ठरवतं. तोड होते म्हणून जंगल गेलं असं तिथे कुणी म्हणत नाही. मुंबईतल्या ‘एकही झाड तोडू देणार नाही’ या भूमिकेपेक्षा ही भूमिका मला जास्त टिकाऊ वाटते, पण आरेत ग्रामसभेच्या जागी महापालिका आहे, आणि तिला बांबू लागत नाही, रस्ते लागतात. २०२५ मध्ये गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यासाठी चित्रनगरीतली ९५ झाडं तोडायला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. पूर्ण प्रकल्पाला लागणाऱ्या झाडांचा आकडा हजारावर आहे.

तुमच्या गावची टेकडी असो, देवराई असो की शहरातलं उद्यान, सुरुवात जमिनीच्या उताऱ्यापासून करा. गावात सातबारा, मुंबई उपनगरात मालमत्ता पत्रक आणि नगर भूमापन क्रमांक. धारक म्हणून कुणाचं नाव आहे आणि इतर हक्कांत काय शेरा आहे ते वाचा. मग विकास आराखड्यात त्या क्रमांकावर काय आरक्षण आहे ते पाहा. संवेदनशील क्षेत्राचा मसुदा निघाला असेल तर हरकतीला ६० दिवस असतात, आणि त्या ६० दिवसांत लिहिलेलं एक पान वृक्ष प्राधिकरणापुढच्या हजार ईमेलपेक्षा जड. झाडावरच्या नोटिशीपर्यंत वेळ आलीच असेल, तर ठरावीक मजकुराचं पत्र पाठवू नका. झाडाचा नंबर, जात आणि घेर लिहा, नोटिशीतली जात चुकली असेल तर ते लिहा, फोटो जोडा, प्रकल्पाची आखणी चार मीटर सरकवता येईल का ते नकाशावर दाखवा. आणि पत्र दिल्यावर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.